टर्नटेबलचा पॉवर सप्लाय बदलला, आता वेग मोजायचा कसा?

मी पेटी शिकवते. वर्गातल्या मोठ्या मुलांना महिन्यातून एका रविवारी ख्यालाची जुनी एलपी ऐकवते आणि रेकॉर्डबरोबर पेटीवर नुसता षड्ज धरून बसायला सांगते. कान तयार होण्यासाठी याहून चांगला रियाज मला माहीत नाही. टर्नटेबलला नवा पॉवर सप्लाय, म्हणजे मोटरला वीज पुरवणारा वेगळा डबा, जोडल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी एक मुलगी म्हणाली, "ताई, आज रेकॉर्ड चढी वाटतेय. मागच्या वेळी पेटीशी एवढी भांडत नव्हती."

ती बरोबर बोलत होती. रेकॉर्ड तीच, पेटी तीच, पट्टी काळी एक. मागच्या महिन्यात रेकॉर्डमधला तानपुरा आणि पेटी यांच्यात जेमतेम जाणवेल इतका संथ डोल होता, म्हणजे दोन सूर जवळजवळच जुळले की आवाज लाटेसारखा वर-खाली होतो तो. आता सेकंदाला जवळजवळ दोन डोल मोजता येत होते. साडेचौदा हजार रुपये घालून वेग सुधारायला गेले आणि सूर चढला. पुढचे सहा आठवडे मी या एकाच गोष्टीच्या मागे होते. त्यामुळे हे परीक्षण जितकं त्या डब्याचं आहे तितकंच वेग मोजण्याच्या पद्धतींचंही आहे.

आधी सामानाबद्दल. टर्नटेबल थोरेन्स टीडी १६०. काका नोकरीसाठी जर्मनीत होते, त्यांनी १९७६ साली ते बाबांसाठी आणलं. पट्ट्यावर चालणारं, १६ पोलची सिंक्रोनस मोटर. या मोटरचा वेग व्होल्टेजवर ठरत नाही, विजेच्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं (हर्ट्झ) होतात त्यावर ठरतो. ५० हर्ट्झला ती मिनिटाला बरोबर ३७५ फेरे घेते. तिथून छोट्या पुलीवरून पट्टा रेकॉर्ड फिरवणाऱ्या आतल्या थाळीला जातो आणि ३७५ चे ३३⅓, म्हणजे एलपीचा ठरलेला वेग, होतात. व्होल्टेज कमी झाला तर मोटरचा जोर कमी होतो, पण ती लयीत असेल तोवर वेग तोच राहतो. जोर फारच कमी पडला तर लय सुटते आणि मोटर थरथरत उभी राहते.

पॉवर सप्लाय एका कारागिराने घरी बनवलेला आहे. तो नोकरी सांभाळून महिन्याला दोन-तीनच डबे करतो आणि नाव कुठे देऊ नका असं त्याने सांगितलं आहे, म्हणून देत नाही. काम सगळीकडे एकसारखंच असतं: भिंतीतल्या विजेचं आधी डीसी करायचं, मग क्रिस्टलच्या (घड्याळात असतो तसा, ठरावीक लय देणारा) आधाराने स्वतःची स्वच्छ साइन वेव्ह तयार करायची आणि मोटरच्या दोन कॉइलना ९० अंशांच्या फरकाने पुरवायची. मूळ रचनेत हा फरक कपॅसिटरने काढलेला असतो. कपॅसिटर म्हातारा झाला की फरक ९० राहत नाही आणि मोटर गुरगुरते. ही कल्पना नवी नाही. लिन या कंपनीने आपल्या एलपी१२ या टर्नटेबलसाठी क्रिस्टलवर चालणारं व्हॅलहाला बोर्ड १९८२ साली आणि वेगळ्या डब्यातला लिंगो १९९० साली आणला होता.

मला याची गरज का वाटली ते सांगते, कारण बऱ्याच जणांची कारणं चुकीची असतात. "आपल्याकडची वीज खराब, म्हणून वेग हलतो" असं सर्रास बोललं जातं. ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याची, फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखायची असा नियम आहे आणि आता ती बहुतेक वेळ त्याच्या आसपासच असते. ४९.९० म्हणजे ०.२ टक्के कमी, म्हणजे सुरात साडेतीन सेंट. एका स्वरापासून लगतच्या कोमल किंवा तीव्र स्वरापर्यंत १०० सेंट असतात हे लक्षात घेतलं तर हा फरक माझ्याही कानाला लागत नाही. नव्वदच्या दशकात ग्रिड ४९ च्याही खाली जायची, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आज फक्त ग्रिडच्या भीतीने कोणी हा डबा घेणार असेल तर घेऊ नये.

माझं कारण इन्व्हर्टर. वीज गेली की घर इन्व्हर्टरवर येतं. आमचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी वेव्हचा. त्यावर ही मोटर अशी भुणभुण करते की विलंबित ख्यालातल्या शांत जागा ऐकवत नाहीत. दुसरं म्हणजे ४५ च्या रेकॉर्डसाठी दर वेळी पट्टा सरकवणं नको झालं होतं. या दोन्ही बाबतीत डब्याने पहिल्या दिवसापासून चोख काम केलं. वीज गेली, इन्व्हर्टर आला, दिवे क्षणभर मिटले आणि रेकॉर्डला पत्ताही लागला नाही. ४५ साठी डबा मोटरला ६७.५ हर्ट्झ देतो, पट्टा पुलीच्या ३३ च्याच पायरीवर राहतो. मोटरवर बोट ठेवलं तर आधी मुंगी चालल्यासारखं वाटायचं, आता फक्त कोमटपणा जाणवतो. फेज जुळवायचा एक बारीक स्क्रू आहे. लाकडी चमचा मोटरच्या टोपीला टेकवून दुसरं टोक कानाशी धरलं आणि आवाज सर्वांत मऊ येईपर्यंत तो स्क्रू फिरवला. त्या दहा मिनिटांनी जो फरक पडला तो बाकी कशानेही पडला नाही.

तर मग सूर चढला का?

पहिल्यांदा हात गेला बाबांच्या स्ट्रोब तबकडीकडे. जाड पुठ्ठ्याची, काळ्या-पांढऱ्या रेघांची. गणित सोपं आहे: ५० हर्ट्झवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो, मिनिटाला ६०००. त्याला ३३⅓ ने भागलं की १८०. म्हणून तबकडीवर १८० रेघा. वेग बरोबर असेल तर त्या दिव्याखाली रेघा थांबलेल्या दिसतात. घरातले एलईडी दिवे याला बहुतेक निरुपयोगी, त्यांची उघडझाप नीट दिसत नाही. माळ्यावरून चोकची जुनी ट्यूबलाइट काढली आणि तिच्याखाली तबकडी ठेवली. रेघा पुढे पळत होत्या. एका मिनिटात मोजल्या तर चाळीसहून जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजलं, आकडा वेगळा. रात्री आणखी वेगळा. क्रिस्टलवर चालणारी थाळी, मग आकडा कसा बदलतो? या कोड्यावर मी दोन दिवस घालवले. उत्तर सापडलं ते थाळीत नव्हतं, दिव्यात होतं.

पूर्वी मोटर भिंतीतल्या विजेवर चालायची आणि ट्यूबलाइटही त्याच विजेवर. ग्रिड हलली की दोघी एकत्र हलायच्या आणि रेघा जागच्या जागी उभ्या दिसायच्या. म्हणजे इतकी वर्षं ही तबकडी पट्टा आणि पुली बरोबर आहेत की नाहीत एवढंच सांगत होती, ग्रिड हलल्याचं कधीच सांगू शकत नव्हती. आता थाळी क्रिस्टलच्या लयीत आणि दिवा अजून ग्रिडच्या. ग्रिड ४९.९५ वर आली तर थाळी अगदी बरोबर फिरत असूनही रेघा मिनिटाला सहा या वेगाने पुढे सरकताना दिसणार. ठेका धरणारा हलला तर गाणारा बेताल वाटतो, तसं. ज्यांनी नुकताच असा सप्लाय बसवला आहे त्यांना मी हात जोडून सांगते, ट्यूबखाली तबकडी धरून डब्याचं बटण फिरवू नका. तुम्ही थाळी ग्रिडच्या मागे पळवत राहाल.

कारागिराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, डब्याच्या मागे छोटी पिन आहे, तिच्यात पाकिटातला एलईडी लावा." खरंच पाकिटात बोटभर वायरचा एक पांढरा एलईडी होता, मी तो सुटा भाग समजून बाजूला ठेवला होता. मोटरची फ्रिक्वेन्सी कितीही ठेवा, हा एलईडी क्रिस्टलच्या लयीत सेकंदाला १०० वेळाच चमकतो. त्याच्या उजेडात आकडा स्थिर झाला: सकाळ असो की रात्र, मिनिटाला ४० रेघा पुढे. मिनिटात ६००० रेघा सरकायला हव्यात तिथे ६०४० सरकत होत्या. म्हणजे ०.६७ टक्के जास्त वेग, ३३.५६ फेरे. सुरात साडेअकरा सेंट. आपल्याकडच्या बावीस श्रुतींच्या हिशेबात सर्वांत लहान श्रुती २२ सेंटांची, तिच्या निम्म्याहून थोडं जास्त. मुलीच्या कानाने पकडलं ते हेच.

एकाच साधनावर माझा विश्वास बसत नाही, शिवाय एलईडी त्याच डब्यातून आलेला. म्हणून दुसरी पद्धत, जिला एक पैसाही लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवा, सुई रेकॉर्डवर ठेवा आणि शंभर फेरे मोजा. ३३⅓ च्या हिशेबाने एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात, म्हणून शंभरांना बरोबर १८०. फोनवर व्हिडिओ काढून मागाहून मोजलं तर बोटाची चूकही राहत नाही. मला १७८.८ सेकंद मिळाले. हिशेब जुळला.

तिसरी पद्धत चाचणीची एलपी, ३१५० हर्ट्झचा सूर असलेली. फोनो अँपमधून (सुईचा क्षीण आवाज वाढवणारा डबा) लॅपटॉपमध्ये घेतली, सरासरी आली ३१७१. तीही तेच सांगत होती. या पद्धतीत आणखी एक गोष्ट दिसते: सूर वर-खाली किती डोलतो ते. माझा साधारण सहा हर्ट्झ वर आणि तितकाच खाली डोलत होता, दर १.८ सेकंदांनी एकदा, म्हणजे एका फेऱ्याला एकदा. मी हबकले. पण जुन्या जोडणीवर, डबा काढून, तीच चाचणी केली तर डोल जसाच्या तसा. कारण भोकात होतं. एलपीचं मधलं भोक ०.२ मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तरी खाचेच्या दहा सेंटिमीटर त्रिज्येवर सूर ०.२ टक्के वर-खाली होतो. ते ना मोटरचं पाप ना डब्याचं. पॉवर सप्लाय लावल्यावर डोल कमी झाला असं कोणी सांगितलं तर कोणत्या रेकॉर्डवर मोजला ते आधी विचारा.

फोनमधलं जायरोस्कोपचं (फिरण्याचा वेग ओळखणारा सेन्सर) ॲपही वापरून पाहिलं. फोन थाळीच्या मध्यावर ठेवायचा, तो आकडा दाखवतो. एकदा ३३.६२ आलं, फोन उचलून परत ठेवला तर ३३.४९. वर सुईचा ओढा मोजमापात येत नाही आणि दोनशे ग्रॅमचा फोन थाळीवर असतो ते वेगळंच. ३३ चं ४५ झालं की नाही एवढं बघायला ठीक. बारीक जुळवणीला मी त्यावर विसंबणार नाही.

आणि पेटी? पेटीवर वेग जुळवायचा मोह मलाच सर्वांत जास्त होता, म्हणून स्पष्ट लिहिते. गवयाने त्या दिवशी तानपुरा कुठे मिळवला होता हे आपल्याला कधीच कळत नाही. काळी एक म्हणजे प्रत्येकाची अगदी तीच काळी एक नसते, आणि माझ्या पेटीचे सूरही हवामानाप्रमाणे हलतात. पेटी फक्त "मागच्यापेक्षा बदल झाला" एवढं सांगू शकते. तेवढं तिने सांगितलं.

आता मूळ दोष. डबा आला त्याच आठवड्यात मी पट्टाही बदलला होता, जुना ढिला पडला म्हणून. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि संशय गेला महाग वस्तूवर. जुना पट्टा सुदैवाने फेकला नव्हता. दोन्ही पट्टे मायक्रोमीटरमध्ये धरले. जुना ०.५५ मिलिमीटर, नवा ०.६५. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक. पण पट्ट्याची जाडी पुलीच्या व्यासात मिळते. माझी पुली साधारण १४ मिलिमीटरची, आतली थाळी साधारण १६० ची. दहावा भाग थाळीला काहीच नाही, चौदात मात्र तो ०.७ टक्के होतो. वजाबाकी करून ०.६४ उरतात. चाळीस रेघांचा हिशेब तिथे सापडला.

क्रिस्टल मोटरला अचूक ५० हर्ट्झ देतो. तो पुली, पट्टा, तेल, काही पाहत नाही. आधी चुकीचा वेग होता तर आता तोच चुकीचा वेग अतिशय स्थिरपणे मिळणार, आणि डब्याच्या पडद्यावर मात्र ३३.३३ झळकत राहणार. तो आकडा मोजलेला नसतो, गृहीत धरलेला असतो. थाळीच्या कडेला सेन्सर असलेले सप्लायही असतात, ते खरोखर मोजतात आणि स्वतः जुळवून घेतात. त्यांची किंमत वेगळी. माझा त्यातला नाही.

तरी डब्यात सोय आहे: गोल बटणाने ०.०१ हर्ट्झच्या पायरीने फ्रिक्वेन्सी बदलता येते. तात्पुरतं ४९.६७ केलं आणि रेघा थांबल्या. एक पायरी म्हणजे ०.०२ टक्के, मिनिटाला सव्वा रेघ. याहून बारीक पायरीची गरज मला तरी दिसत नाही. मग योग्य जाडीचा पट्टा मिळाला, तो लावून परत पहिल्यापासून मोजलं. आज ५०.०३ वर शंभर फेरे १८० सेकंदांत होतात आणि चाचणीचा सूर ३१५० वर येतो. मोजण्याआधी थाळी वीस मिनिटं फिरू द्या. थंड असताना माझा आकडा ३१४८ च्या आसपास असतो, तेल सैल झालं की वर येतो.

डब्याबद्दल तक्रारी आहेत. जुळवलेला आकडा साठवायला बटण तीन सेकंद दाबून धरावं लागतं, हे सूचनांच्या कागदावर शेवटच्या ओळीत आहे. पहिल्यांदा न साठवता बंद केलं आणि एक संध्याकाळ परत मोजण्यात गेली. पडद्याचा निळा उजेड कमी करता येत नाही, रात्री दिवे मालवून ऐकताना तो डोळ्यांत जातो. वेग बदलताना रिलेचा टक असा आवाज होतो, तो मात्र मला आवडू लागला आहे. डबा हातात यायला सात आठवडे थांबावं लागलं. डबा दोन तासांनी कोमट होतो, हात ठेवता येतो इतकाच. आणि एक सावधगिरी: टर्नटेबलच्या आतली जुनी मेनची जोडणी काढून ही नवी करावी लागते. मी ते वायरमनकडून करून घेतलं. जिथे २३० व्होल्ट आहेत तिथे हौसेने हात घालू नये.

घ्यावा का? घरी इन्व्हर्टरची भुणभुण असेल, मोटर गुरगुरत असेल, ४५ आणि ३३ ची अदलाबदल रोजची असेल, किंवा टर्नटेबल अमेरिकेहून आलेलं असेल तर नक्की. तिकडची पुली ६० हर्ट्झच्या हिशेबाने लहान असते, आपल्या विजेवर ती थाळीला २७.८ फेरेच देते आणि गाणं साधारण तीन अर्धस्वर खाली उतरतं. डब्यावर ६० लावलं की पुली न बदलता काम होतं. पण नुसता वेग थोडा चढा-उतरता वाटत असेल तर आधी पट्टा मोजा आणि शंभर फेरे मोजा. मला पट्टा साडेतीनशे रुपयांना मिळाला.

एक काम अजून बाकी आहे. बाबांच्या ७८ च्या बावीस रेकॉर्डी कपाटात आहेत, बहुतेक नाट्यसंगीताच्या. टीडी १६० ला ७८ चा वेग नाही, पण पट्टा ४५ च्या पायरीवर टाकून डब्यातून ८६.६७ हर्ट्झ दिले तर तो मिळतो. सुरू होताना थाळीला हाताने हलका धक्का द्यावा लागतो, मग ती लय धरते. ५० हर्ट्झच्या दिव्यासाठी ७८ च्या तबकडीवर ७७ रेघा असतात, त्यातून खरा वेग निघतो ७७.९२. आणि जुन्या काळातल्या कित्येक रेकॉर्डी मुळातच ७८ च्या थोड्या वर-खाली कोरलेल्या. तिथे १८० सेकंद आणि ३१५० हर्ट्झ कामाचे नाहीत, तिथे ऑर्गनची पट्टी ऐकूनच बटण फिरवावं लागेल. जाड सुई मागवली आहे. ती आली की त्या मुलीलाच शेजारी बसवणार आहे.